न घडलेल्याची नोंद

दर आठवड्याला प्राथमिक आरोग्य केंद्रातून एक अहवाल वर जातो. पंधरा वर्षांखालच्या कुणा मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला का, कुणाला तापाबरोबर गोवरासारखं पुरळ आलं का, घटसर्पाचा संशय आला का, नवजात बाळाला धनुर्वात झाला का, असे प्रश्न त्यात असतात आणि बहुतेक आठवड्यांत प्रत्येक प्रश्नापुढे शून्य लिहिलेलं असतं. नव्याने रुजू झालेल्याला हा कागद निव्वळ सरकारी सोपस्कार वाटतो. काही झालंच नाही तर कळवायचं काय? पण आमच्या आरोग्य खात्यात अहवाल न येणं आणि शून्याचा अहवाल येणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी मानल्या जातात. अहवाल आला नाही तर कुणी पाहिलंच नाही असं धरतात. शून्य आलं तर कुणीतरी ओपीडीचं रजिस्टर चाळलं, गावात काम करणाऱ्या आशाताईंना विचारलं, खासगी दवाखान्यांत फोन केले आणि मग शून्य लिहिलं. निदान तसं केलेलं असावं अशी अपेक्षा असते. आशा, समाधान, जगण्याला काही हेतू असणं या मोठ्या गोष्टींविषयी मला जे सांगायचं आहे ते या कागदापासून फार लांब जात नाही. लसीकरणासारख्या कामात वर्षानुवर्षं टिकून राहणाऱ्या माणसांकडे पाहिलं की वाटतं, उद्याविषयीचा भरवसा मुळात मोजण्याच्या सवयीतून तयार होत असावा. स्वभाव हसरा असला तर उत्तमच, पण त्यावाचून अडत नाही.

या कामाची अडचण अशी की ते जितकं चांगलं होतं तितकं दिसेनासं होतं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला बरा झालेला रुग्ण समोर दिसतो, त्याचे नातेवाईक पेढे घेऊन येतात. लस टोचणाऱ्या सिस्टरला काय दिसतं? रडणारं मूल, रात्री त्याला ताप आला म्हणून रागावलेली आजी, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तशीच यादी. जो घटसर्प त्या मुलाला झाला नाही, जो डांग्या खोकला झाला नाही, त्याबद्दल आभार मानायला कोण येणार? काही टळलं हे आईला कळत नाही. नेमक्या कुठल्या मुलाचं काय टळलं हे सिस्टरलाही कळत नाही, कारण लस दिलेल्या मुलांपैकी आजारी कोण पडलं असतं हे सांगायला काही मार्गच नसतो. हिशेब लागतो तो तालुक्याच्या, जिल्ह्याच्या, देशाच्या पातळीवर, आणि तोही दहा-वीस वर्षांनी. त्यामुळे ज्यांना रोजच्या रोज पावती हवी असते ती माणसं इथे लवकर कडवट होतात. जी टिकतात ती आजचं समाधान आजच्या यादीतून घेतात आणि पुढची आशा जुन्या आकड्यांतून. या दोहोंची गल्लत झाली की घोटाळा ठरलेला. मग एक यादी संपली म्हणून जग सुधारल्यासारखं वाटतं, किंवा जग सुधारत नाही म्हणून यादीला हात लावावासा वाटत नाही.

आधी जुन्या आकड्यांचं पाहू. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्थॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवी टोचल्या. भारतात देवीची लस मिळालेली ती पहिली व्यक्ती मानली जाते. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला. मध्ये १७३ वर्षं गेली. खांद्यावर पेटी घेऊन गावोगाव देवी टोचत फिरणाऱ्या माणसांच्या कित्येक पिढ्या त्यात निवृत्त झाल्या, आणि रोग जातो आहे असं त्यांच्यापैकी बहुतेकांना कधी जाणवलंही नसेल. त्याहून विचार करायला लावणारं साल म्हणजे १९७४. शेवटच्या रुग्णाच्या आदल्याच वर्षी देशात देवीचे दीड लाखाहून अधिक रुग्ण नोंदले गेले. बिहारात तर हाहाकार होता. त्या वर्षी कुणी म्हटलं असतं की हा रोग या देशातून कधीच जायचा नाही, तर त्याला वेड्यात काढायचं काही कारण नव्हतं. वाढलेल्या आकड्यामागे साथ खरीच होती, पण आणखी एक कारण होतं. १९७३ पासून घरोघर जाऊन रुग्ण शोधायला सुरुवात झाली होती आणि त्यामुळे आजवर दडून राहिलेले रुग्ण कागदावर येऊ लागले होते. रुग्ण सापडला की त्याच्या भोवतालच्या सगळ्यांना टोचायचं, ही पद्धत त्या शोधावरच उभी होती. म्हणजे सर्वांत भीतीदायक दिसणारा आकडा काही अंशी काम नीट चालल्याचा पुरावा होता, आणि त्या वर्षी ते ओळखणं फार अवघड होतं.

नारूची गोष्ट मला याहून बोलकी वाटते, कारण नारूवर लस नव्हती आणि औषधही नव्हतं. पायविहिरीत उतरून पाणी भरणाऱ्याच्या पायातून तो लांब जंत बाहेर यायचा, पाण्यात अळ्या सोडायचा, आणि ते पाणी पिणाऱ्याला साधारण वर्षभराने तेच दुखणं लागायचं. महाराष्ट्रासह देशाच्या अनेक राज्यांत हे चालू होतं. उपाय काय, तर पायविहिरींची रचना बदलून पाण्यात पाय जाणार नाही असं करायचं, हातपंप बसवायचे, पाणी कापडातून गाळायला सांगायचं, विहिरींत कीटकनाशक टाकायचं आणि गावोगाव फिरून रुग्ण शोधायचे. यात चमकदार असं काहीच नाही. जुलै १९९६ मध्ये शेवटचा रुग्ण राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. आज तिशीत असलेल्या माणसाला नारू म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं, याहून मोठं यश कुठलं असेल? पोलिओची आकडेवारी तर अगदी अलीकडची आहे. २००९ साली जगभरात १,६०४ रुग्ण सापडले, त्यातले ७४१ एकट्या भारतात. दाट वस्ती, सांडपाणी, सतत होणारं स्थलांतर, एवढं असताना पोलिओ हटलाच तर सर्वांत शेवटी भारतातून हटेल असं जाणकार म्हणत. २०१० मध्ये रुग्ण ४२ झाले, २०११ मध्ये एक. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आजारी पडलेल्या त्या मुलीनंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडलेला नाही. या तिन्ही गोष्टींवरून सगळंच सुधारत जातं असा निष्कर्ष मी काढत नाही. मी काढतो तो एवढाच, की चालू वर्षी मनाला जे वाटतं त्याची साक्ष फार कच्ची असते. १९७४ आणि २००९ ही दोन्ही सालं आतून निराशेचीच दिसली असणार.

पण शतकांचे आकडे डोळ्यांपुढे ठेवून रोज सकाळी कुणी उठत नाही. त्यासाठी यादी लागते. पल्स पोलिओची मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली तेव्हा बूथवर मुलं आणली की काम झालं अशी समजूत होती. मग कळलं की विषाणू टिकतो तो बूथवर न आलेल्या मुलांत, म्हणून घरोघर जाणं सुरू झालं. देशपातळीवरच्या एका फेरीत सुमारे १७ कोटी मुलं आणि वीस लाखांहून अधिक कार्यकर्ते असा तो पसारा. मात्र गावातल्या जोडीच्या हातात असायचा एक मायक्रोप्लॅन, म्हणजे आज कुठल्या घरापासून कुठल्या घरापर्यंत जायचं त्याचा कागद, लस थंड ठेवणारा एक कॅरियर, एक टॅली शीट, करंगळीला खूण करायचं पेन आणि खडू. घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला की दारावर ‘पी’, एखादं राहिलं की ‘एक्स’. मूल मामाच्या गावाला गेलेलं असतं, झोपलेलं असतं, घरातल्या कुणाचा नकार असतो. पुढचे दिवस या एक्सचं पी करण्यात जातात. त्यात वीटभट्ट्या येतात, बांधकामावरची पालं येतात, आणि साखर कारखाने सुरू झाले की बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या येतात, ज्यांचा पत्ता कुठल्याच ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात नसतो. पोलिओचं निर्मूलन हा कुणा एका माणसाच्या आयुष्याचा हेतू होऊ शकत नाही. तो इतका मोठा आहे की त्याखाली माणूस दबून जाईल. फडाच्या कडेच्या कोप्यांमधली तेवढी मुलं हा हेतू माणसाला पेलतो. संध्याकाळी तो पुरा झाला की नाही हे कळतं, आणि पुरा झाला असेल तर जेवण गोड लागतं.

इथे एक अट आहे आणि ती पाळली गेली नाही तर हे सगळं ढासळतं. हातातली छोटी यादी आणि दूरचं मोठं काम यांच्यात खरा दुवा असला पाहिजे, आणि तो दुवा यादी करणाऱ्याला ठाऊक असला पाहिजे. कॅरियरमधले आईसपॅक फ्रीझरमधून काढल्याबरोबर भरू नयेत, थोडं पाणी सुटू द्यावं, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण गोठलेली पेंटा किंवा हेपटायटिस-बीची लस दिसायला जवळपास तशीच दिसते आणि काम मात्र करत नाही, हे ज्याला नीट समजलेलं असतं तो ते दहा मिनिटं थांबणं निराळ्या मनाने थांबतो. लस ठेवायच्या फ्रिजचं, म्हणजे आयएलआरचं, तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहिणं हे एकाला कारकुनी वाटतं आणि दुसऱ्याला पहारा वाटतो. काम तेच, वही तीच. आमच्या प्रशिक्षणांत नियम भरपूर शिकवतात आणि हा दुवा फार कमी सांगतात, अशी माझी जुनी तक्रार आहे. जिथे तो सांगितला जात नाही तिथे समाधानाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जड आक्षेप नोंदींवरचा. मोजण्यातून आशा येते म्हणता, पण मोजणी खरी असते का? सरकारी वह्यांत लसीकरण शंभर टक्क्यांच्या वर गेलेलं आपण पाहिलेलं आहे, टेबलावर बसून भरलेले फॉर्म पाहिलेले आहेत. हा आक्षेप मला मान्य आहे; तो मान्य नसता तर मी हा लेख लिहिला नसता. २००१ च्या सुमारास महाराष्ट्रातल्या काही संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. राज्यात प्रत्यक्ष होणारे बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी पट जास्त आहेत, हे त्याने दाखवून दिलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, महाराष्ट्रात एक ते दोन वर्षांच्या मुलांपैकी साधारण ५६ टक्केच मुलांचं लसीकरण पूर्ण झालेलं आढळलं. देशाची सरासरी ६२ होती. प्रगत म्हणवणाऱ्या राज्याला ही चपराकच होती. पाचव्या फेरीत आपण ७३ च्या आसपास आलो आणि तरीही सरासरीच्या खालीच राहिलो. खोट्या नोंदीचं सर्वांत मोठं नुकसान कुणाचं होतं, तर मुलाच्या खालोखाल नोंद करणाऱ्याचं. वहीत शंभर टक्के लिहून झालं की उद्यासाठी काम उरत नाही, आणि काम न उरता काळजी उरते, हे मनाला फार वाईट. ५६ हा आकडा लाजिरवाणा असला तरी तो उरलेल्या ४४ कडे बोट दाखवतो. तिथून चालता येतं. शंभरावरून कुठे जाणार?

म्हणूनच पोलिओच्या कामात शून्य फुकट मिळू नये अशी व्यवस्था केलेली होती, आणि मला ती उत्तम कल्पनांपैकी एक वाटते. हातापायाचा अचानक लुळेपणा पोलिओशिवाय इतर कारणांनीही येतो. पंधरा वर्षांखालच्या एक लाख मुलांमागे वर्षाला निदान एका मुलाला असा बिगर-पोलिओ लुळेपणा येणारच, हे धरून चाललेलं असतं. भारताने तर हा मापदंड दोनावर नेला. त्यामुळे एखाद्या जिल्ह्यातून वर्षभरात लुळेपणाची एकही केस आली नाही तर त्या जिल्ह्याचं कौतुक होत नाही, चौकशी होते. केस सापडली की चौदा दिवसांच्या आत, चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे, बर्फातून परळच्या प्रयोगशाळेत पाठवायचे आणि तिथून ‘पोलिओ नाही’ असं उत्तर आलं की मगच ते खरं शून्य. रोग नाही हे सिद्ध करायला इतकी धावपळ करणारी यंत्रणा बाहेरून हास्यास्पद दिसेल. पण आशावादाला लागणारी शिस्त ती हीच. ‘सगळं ठीक आहे’ असं म्हणण्याचा अधिकार ज्याने बिघाड शोधून पाहिला त्यालाच मिळतो. सकारात्मक विचारांची जी पुस्तकं बसस्टँडवर विकायला असतात त्यांच्याशी माझं भांडण नेमकं इथे आहे. ती शोधायच्या आधीच शून्य लिहायला सांगतात.

दुसरा आक्षेप पैशांचा आणि मानाचा, आणि तो चार शब्दांत निकालात काढण्यासारखा नाही. ज्यांच्या खांद्यावर हे सगळं काम उभं आहे त्या आशाताई कायद्याच्या भाषेत स्वयंसेविका आहेत. त्यांना पगार नाही, मोबदला आणि मानधन आहे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला आणि पुढच्या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीसाठी संपावर गेल्या, आझाद मैदानावर बसून राहिल्या. अशा बाईला कामातल्या समाधानाच्या गोष्टी सांगणं म्हणजे तिच्या तोंडाला पानं पुसणं होत नाही का? सांगणारा जर मानधन ठरवणारा असेल तर नक्कीच होतं. समाधान हा मोबदल्याचा पर्याय म्हणून पुढे केला की ते विषारी बनतं, आणि आपल्याकडे तो डाव जुना आहे. सेवाभाव, त्याग, मातृत्व असे मोठाले शब्द पुढे करून बायकांकडून स्वस्तात काम करून घेतलेलं आहे. मात्र या आक्षेपाच्या पोटात एक गृहीत आहे ते मला पटत नाही. समाधानी माणूस भांडत नाही, असं ते गृहीत. प्रत्यक्षात आपल्या कामाने काय झालं याचा हिशेब जिच्याजवळ असतो तीच ठामपणे मागणी करू शकते. आम्ही इतक्या घरभेटी करतो, इतकी बाळं आमच्या नजरेखाली वाढतात, हे सांगता येतं म्हणून मैदानावर बसता येतं. कामाविषयी ज्याला काहीच वाटत नाही तो बसत नाही, तो सोडून जातो किंवा सह्या करून मोकळा होतो. कामाविषयी तृप्ती आणि परिस्थितीविषयी चीड एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, आणि नांदलेल्या बऱ्या.

त्या घरभेटींचं मोल काय याचाही पुरावा महाराष्ट्रातच तयार झालेला आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने १९९३ पासून ३९ गावांमध्ये बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना श्वास मोजायला, वजन करायला, बाळ गुंडाळायला, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायला शिकवलं. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११ पासून देशभरच्या आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाच्या घरी जातात त्याची मुळं या प्रयोगात आहेत. १९७१ मध्ये देशात हजार जिवंत जन्मांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. २०२० मध्ये हा आकडा २८ झाला आणि महाराष्ट्रात १६. या उताराचं श्रेय एकट्या आरोग्य खात्याचं नाही. पाणी, रस्ते, मुलींचं शिक्षण, लग्नाचं वाढलेलं वय हे सगळं त्यात आहे. पण त्यात बेचाळिसाव्या दिवसाची ती भेटही आहे, जी बाळ ठणठणीत असल्याने वरवर वाया गेलेली दिसते.

तिसरा आक्षेप तारखांचा. देशाने २०२५ पर्यंत क्षयरोग हटवायचं ठरवलं होतं. दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला होणारे नवे रुग्ण २०१५ मध्ये अंदाजे २३७ होते ते २०२३ मध्ये १९५ वर आले. घट खरी आहे, पण घोषणेच्या मानाने तोकडी. पोलिओचंही तसंच. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने २००० पर्यंत पोलिओ हटवण्याचा ठराव केला आणि ते साल उलटून पाव शतक झालं तरी पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तो आहेच. शिवाय मिळवलेलं निसटतं. २०२२ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली, मुलं दगावली. गोवराची लस काही नवी नव्हती. कोविडच्या काळात लसीकरण विस्कळीत झालं आणि ज्या मुलांचे डोस राहिले त्यांना गोवराने बरोबर शोधून काढलं. मग आशा कशाच्या जोरावर ठेवायची? माझं उत्तर थोडं रुक्ष आहे. तारखेवर ठेवलेली आशा तारखेबरोबर संपते, आणि दर वेळी नवी तारीख जाहीर करणाऱ्यांनी कार्यकर्त्यांच्या मनाचं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं रोगांनीही केलेलं नाही. २३७ वरून १९५ हा उतार एखाद्या तालुक्यातल्या क्षयरोग पर्यवेक्षकाला पुढच्या वर्षीसाठी पुरेसा ठरू शकला असता, जर त्याला आधी उद्दिष्टाचं गाजर दाखवलं नसतं. गोवंडीबद्दल म्हणायचं तर, साथ उलटते हे आम्हाला नवं नाही. दरवर्षी नवी मुलं जन्मतात आणि त्या प्रत्येकासाठी यादी पुन्हा शून्यापासून सुरू होते. ज्याला हे ओझं वाटतं त्याने इमारती बांधाव्यात, त्या एकदा बांधल्या की उभ्या राहतात. तरी गळतीच्या तक्रारी त्यांनाही चुकत नाहीत.

कुणी म्हणेल, लसीकरणाचं ठीक आहे, तिथे निदान मोजायला काहीतरी आहे. बाकीच्यांनी काय करावं? मला वाटतं आजच्या कामांपैकी पुष्कळशी कामं याच जातीची आहेत. गावच्या टाकीत टीसीएल पावडर टाकून ओटी टेस्टने पाण्यातलं क्लोरीन रोज तपासणारा जलसुरक्षक, पहाटे रुळांवरून चालत बोल्ट तपासणारा रेल्वेचा ट्रॅकमन, रात्री उपकेंद्रात बसलेला वीज मंडळाचा ऑपरेटर, शाळा सुटल्यावर गैरहजर मुलीच्या घरी जाऊन येणारी शिक्षिका, घरात अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची कूस दर दोन तासांनी बदलणारी सून. गावात काविळीची साथ येत नाही, गाडी घसरत नाही, मुलीचं लग्न पंधराव्या वर्षी लागत नाही, पाठीला जखमा होत नाहीत. या सगळ्यांना आयुष्य निष्फळ गेल्यासारखं वाटण्याचा धोका आहे, कारण त्यांच्या कामाचं फळ दिसत नाही आणि टळलेल्या गोष्टींची वही कुणी ठेवत नाही. ओटी टेस्टची वही ठेवणाऱ्याला ग्रामसभेत वर्षातून एकदा ती वाचून दाखवू द्यावी, एवढी साधी गोष्टही आपण करत नाही. साथ आली की मात्र तोच वहीसकट उभा केला जातो.

उरतो तो प्रश्न आपल्या हयातीत दिसणार नाही अशा भविष्याचा. बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत हेपटायटिस-बीचा पहिला डोस द्यायचा असतो. आईकडून आलेला हा विषाणू बाळाच्या शरीरात मुक्काम करून राहिला तर त्याचं यकृत बिघडतं किंवा तिथे कर्करोग होतो, तो बहुतेकदा तीस-चाळीस वर्षांनी. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या दशकभरात तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग जवळजवळ निम्म्यावर आला. आपल्याकडे २०११ पासून ती देशभर दिली जाते. आज प्रसूतिगृहात हा डोस देणारी सिस्टर त्या बाळाच्या चाळिशीपर्यंत कधीच निवृत्त झालेली असेल, आणि त्याला न झालेला कर्करोग कुठल्याही अहवालात येणार नाही. त्याची नोंद होते ती आज, तारीख आणि बॅच नंबरासह, माता-बाल संरक्षण कार्डावरच्या एका चौकोनात. पूर्वी एका बाळासाठी दहा डोसांची बाटली उघडायला मन धजत नसे. आता उघडलेली बाटली नियमानुसार थंड ठेवली तर चार आठवडे वापरता येते, त्यामुळे ती सबब उरलेली नाही. उरला आहे तो रविवारचा प्रश्न, म्हणजे शनिवारी रात्री बाळंतपण झालं तर आयएलआरच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते हा. मासिक सभेत तो दर वेळी निघतो, आणि काही केंद्रांनी किल्ली प्रसूतिकक्षात ठेवायला सुरुवात केली आहे.